पटावरून नाव कमी करताना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. कार्यालयातल्या बाईंनी तिथे येऊन पेन थांबवलं आणि विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, "एका वर्षासाठी परदेशी चाललोय." त्यांनी 'परदेशी वास्तव्य' असं लिहिलं. 'एका वर्षासाठी' हे शब्द त्या रकान्यात मावण्यासारखे नव्हते. वरच्या ओळींत अभ्यासातली प्रगती चांगली आणि वर्तणूक चांगली असं लिहून झालंच होतं. परत आल्यावर जागा असली तर प्रवेश मिळेल, जागा राखून ठेवता येणार नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

थोरली माझ्या शेजारी उभी होती. नऊ वर्षांची. तिने दाखला नीट वाचला आणि विचारलं, "म्हणजे आता मी कुठल्या शाळेची?"

मी म्हटलं, "दोन्हीकडची." तेव्हा ते उत्तर मला फार छान वाटलं होतं. खरं तर त्या दिवसापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती कुठल्याच शाळेची नव्हती, आणि हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

नवऱ्याला जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात वर्षभराचं संशोधनाचं काम मिळालं होतं. मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून आम्ही दोघांनी जावं, त्याने एकट्याने जावं, की सगळ्यांनी मिळून जावं, याची चर्चा महिनाभर चालली. त्या महिन्यात जो भेटेल तो एकच विचारायचा, "मुलांच्या अभ्यासाचं काय?" आम्हीही तोच हिशेब मांडत बसलो. चौथीचं गणित किती बुडेल, धाकट्याचं पहिलीचं वाचन कधी पक्कं होणार, परत आल्यावर पाचवीत घेतील ना. मुलांच्या मैत्रीचं काय, त्यांच्या वर्गातल्या जागेचं काय, हे कोणीच विचारलं नाही. आम्हीही नाही.

काही ओळखीच्यांना वाटलं होतं की वर्षभर शाळेला सुट्टीच. मुलं फिरतील, संग्रहालयं बघतील, घरी थोडंफार शिकतील. जर्मनीत तसं चालत नाही. तिथे राहणाऱ्या मुलाने शाळेत गेलंच पाहिजे, शाळेऐवजी घरी शिकवायला परवानगी नाही. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजाने १७६३ साली मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती करणारा फतवा काढला होता, जर्मनीच्या १९१९च्या वायमार राज्यघटनेने ती सक्ती साऱ्या देशाला लागू केली, आणि घरीच शिकवू द्या म्हणून स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलेल्या पालकांना २००६ मध्ये तिथूनही नकार मिळाला. वाचून मला आधी धास्ती वाटली. नंतर मात्र हायसं वाटलं, कारण घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नाव नोंदवा, गोवराच्या दोन्ही डोसांचा पुरावा द्या, की मूल शाळेत. सरकारी शाळेला फी नाही. भाषा येते का, हे प्रवेशासाठी कोणी विचारलं नाही. मूल आहे ना, मग त्याला वर्ग आहे, इतकं ते साधं होतं.

आमचं शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, तिथलं सप्टेंबरच्या मध्याला. मधले अडीच महिने थोरलीने खिडकीत बसून काढले. धाकटा मात्र पहिल्याच आठवड्यात शहराचा झाला. फ्रायबुर्गच्या जुन्या भागात रस्त्यांच्या कडेने हातभर रुंदीचे दगडी पाट वाहतात, आणि लहान मुलं त्यात दोरी बांधलेल्या लाकडी होड्या ओढत चालतात. त्यालाही एक होडी मिळाली. होडी ओढायला भाषा लागत नाही.

शाळा सुरू झाली तेव्हा थोरली चौथीच्या नेहमीच्या वर्गात बसली. रोज थोडा वेळ तिच्यासारख्या आणखी चार-पाच मुलांबरोबर जर्मनचा वेगळा तास. इथल्या वर्गात तिचा हात सतत वर असायचा, उत्तर येत असो वा नसो. तिथे ती गप्प झाली. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर आला, ती वर्गात एक शब्द बोलली नाही. घरी आली की मात्र दारातच सुरू व्हायची, बूट काढता काढता, एका दमात, दिवसभराचं साठलेलं सगळं मराठी. मी भांडी घासत असले तरी ओट्यापाशी उभी राहून बोलायची, आणि मध्येच गप्प होऊन म्हणायची, "आई, तिथे मी हुशार नाहीये."

हे वाक्य मला अजून आठवतं. अभ्यास बुडण्याची भीती आम्ही वर्षभर पोसली, पण तिचं बुडालं होतं ते हे. वर्गात आपण कोण आहोत हे ज्या मुलीला चांगलं ठाऊक होतं, तिचं ते ठाऊक असणंच आम्ही काढून घेतलं होतं. वर्गात कोणाला काय विचारायचं, कोण चिडवतं, कोण आपला डबा खातं, बाई कशाने हसतात, हे सगळं एका मुलाने चार वर्षं खपून मिळवलेलं असतं. ते कुठल्याच प्रगतिपुस्तकात लिहिलेलं नसतं, म्हणून मोठ्यांच्या हिशेबात येत नाही.

नव्या भाषेत पडलेली मुलं कित्येकदा महिनोन्महिने गप्प राहतात. त्या काळात ती ऐकत असतात, साठवत असतात. याला मौनाचा काळ म्हणतात, हे मी नंतर वाचलं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला होता, तोही नंतरच कळला. खेळातली, गप्पांतली भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण वर्गातल्या अभ्यासाची भाषा सोबत्यांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणजे एका वर्षासाठी नेलेल्या मुलाने तिथल्या वर्गात चमकावं ही अपेक्षाच चुकीची. मला हे सप्टेंबरात माहीत असतं तर "आज काही बोललीस का?" हा प्रश्न मी रोज दुपारी विचारला नसता. तो प्रश्न विचारल्याचं मला आजही वाईट वाटतं.

तिच्या वर्गशिक्षिकेने तो एकदाही विचारला नाही. त्या मोडक्या इंग्रजीत मला एवढंच म्हणाल्या, "ती अजून पोचते आहे." आणि त्यांनी एक काम केलं, ज्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. तिथल्या वर्गांत मुलांना आठवड्याची कामं वाटून दिलेली असतात. कोणी फळा पुसतं, कोणी झाडांना पाणी घालतं. थोरलीला त्यांनी वह्या वाटायचं काम दिलं आणि आठवडा संपल्यावर ते बदललं नाही. बावीस वह्या. प्रत्येकीवर तिरप्या, एकमेकांना जोडलेल्या अक्षरांत एक नाव. पहिल्या दिवशी ती नाव मनात वाचायची, वही वर धरायची, आणि ज्याची वही तो हात वर करायचा. तीन आठवड्यांत तिला बावीसही नावं, बावीसही बाकं आणि प्रत्येकाचं अक्षर पाठ झालं. न बोलता रोज प्रत्येक बाकापाशी जाण्याचा तिला हक्क मिळाला.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी वह्या वाटून झाल्या आणि तिच्या हातात एक उरली. बाई हजेरी घेत होत्या. थोरलीने वही वर धरली, त्या मुलाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "फेल्ट." म्हणजे, आलेला नाही. वर्गात मोठ्याने बोललेलं तिचं पहिलं वाक्य ते. ते सांगताना ती इतकी हसत होती की बुटाची नाडी तिला सुटेना.

मराठीने आमची फार साथ केली, आणि हे मी अभिमानाने लिहिते आहे. जर्मनमध्ये नामांना तीन लिंगं आहेत, डेअर, डी, डास. इंग्रजीतून शिकणारी मोठी माणसं यावर रडकुंडीला येतात. थोरली म्हणाली, "तो, ती, ते आहे की." वस्तूंची लिंगं जुळत नाहीत ते वेगळं. चमचा दोन्हीकडे तो, पण काटा तिथे ती आणि सुरी तिथे ते. मुलगी हा शब्द तिथे नपुंसकलिंगी आहे, याचं इतरांना नवल वाटतं. जिच्या कानावर 'ते पोरगं' जन्मापासून पडतंय तिला कशाला वाटेल? आकड्यांचंही तसंच. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. जर्मनही 'पाच आणि वीस' असंच म्हणतात. गणिताच्या तासाला बाईंनी आकडे तोंडी सांगितले की थोरली भराभर लिहायची, तिला उलटं करावं लागायचंच नाही. आणि नकारार्थी प्रश्नाला ठाम होकार द्यायचा त्यांचा 'डॉख' हा शब्द. "तू येणार नाहीस?" "डॉख!" बऱ्याच भाषांत त्याला जोड सापडत नाही म्हणतात. "येणार की!" मधला 'की' तोच आहे, हे धाकट्याने शोधून काढलं.

एका ठिकाणी मात्र मराठी कानानेच घात केला. मार्च महिन्यात धाकट्याच्या वर्गाची रानातली सहल होती. परत यायची वेळ बाईंनी फाटकापाशी सांगितली, 'हाल्ब फीअर'. शब्दशः अर्धा चार. मी मनात साडेचार धरले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ चाराकडे जाणारा अर्धा तास, म्हणजे साडेतीन. मी वेळेआधी पोचले असं समजून चालत गेले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. शाळेच्या पायरीवर धाकटा आणि त्याच्या बाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाईंनी स्वतःची शाल त्याच्या गुडघ्यांवर घातली होती. तो रडत नव्हता. मला बघून उठला, दप्तर पाठीवर चढवलं आणि घरापर्यंत माझं बोट धरलं नाही. रात्री अंथरुणात म्हणाला, "मला वाटलं आपलं एक वर्ष संपलं आणि तुम्ही गेलात." सहा वर्षांच्या मुलाला 'एक वर्ष' म्हणजे किती, हे आम्ही कधी समजावूनच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कॅलेंडर लावलं, परतीच्या तारखेला लाल गोल केला, आणि रोज झोपण्यापूर्वी त्याने एक दिवस खोडायचा असं ठरलं. हे विमानात बसण्याआधी करायला हवं होतं.

त्याचं वाचन हा वेगळाच विषय. बाराखडी अर्धी झालेली असताना त्याला तिथे पहिलीत घातला. पहिल्या दिवशी तिथल्या मुलांना मिळतो तसा त्याच्याएवढा उंच कागदी शंकू मिळाला, खाऊ आणि रंगपेट्यांनी भरलेला, आणि तो शंकू मिठीत घेऊन तो वर्गात गेला. पहिली लिपी कुठली होणार याची मला काळजी होती. मी रोज रात्री देवनागरी घेऊन बसायचे, तो कंटाळायचा. मग एकदा त्याने आजीला पत्र लिहायला घेतलं, मराठी पत्र, पण शाळेत शिकलेल्या अक्षरांत. 'य'साठी त्याने जे लिहिला, 'व'साठी डब्ल्यू, जर्मन कानाला ते बरोबरच होतं. 'चिमणी'पाशी येऊन मात्र तो अडला. जर्मनमध्ये च लिहायला चार अक्षरं लागतात, टी, एस, सी, एच. त्याने ती चारही लिहिली, शब्द ओळीच्या बाहेर गेला, आणि तो चिडून ओरडला, "आई, च ला चार अक्षरं! आपला च कसा काढतात?" मी त्याच्या हातावर हात ठेवून च काढून दाखवला. त्या रात्री त्याने अख्खं पान भरून च काढले. त्यानंतर देवनागरीसाठी मला त्याच्या मागे लागावं लागलं नाही.

दोन्हीकडचा अभ्यासक्रम एकाच वेळी चालवण्याबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण बहुतेक घरं हेच करतात. आम्हीही इथली पुस्तकं बॅगेत भरून नेली होती. दुपारी तिथला गृहपाठ, संध्याकाळी इथला धडा. डिसेंबरात एका रात्री थोरली अपूर्णांकांच्या पानावर डोकं ठेवून झोपली. तिला उचलून नेताना तिच्या गालावर शाईचा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पुस्तकं पुन्हा बॅगेत भरली आणि बॅग माळ्यावर टाकली. मराठी वाचन तेवढं ठेवलं, तेही गोष्टीचं. माझं ठाम मत आहे, वर्षभरासाठी गेलेल्या मुलावर दोन शाळांचं ओझं घालणं हा अन्याय आहे. परत आल्यावर त्या अपूर्णांकांना आम्हाला सव्वा महिना लागला. फक्त सव्वा महिना. तिथल्या प्राथमिक शाळेत अपूर्णांक फारसे येतच नाहीत, त्यामुळे कोऱ्या पाटीवरून सुरुवात केली, तरी एवढाच वेळ लागला. ज्या भीतीने आम्ही चार महिने तिची संध्याकाळ खाल्ली, तिची किंमत ही.

गुणांची गोष्टही सांगायलाच हवी. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. हे मला माहीत होतं, तिला सांगायचं राहून गेलं. गणिताच्या पहिल्या चाचणीत तिला २ मिळाले आणि ती वही तिने गादीखाली लपवली. दहा दिवसांनी चादर बदलताना मला सापडली. दहा दिवस ती आपण गणितात दोनच गुणांच्या आहोत असं समजून शाळेत जात होती.

वसंत ऋतूत मात्र ती फुलली. तिथे चौथीच्या मुलांना सायकलची परीक्षा असते, पोलीस येऊन शिकवतात आणि परीक्षा घेतात. डावीकडे वळताना खांद्यावरून मागे बघायचं, हात दाखवायचा, समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ती पास झाली आणि शाळेत एकटी सायकलवर जाऊ लागली. मे महिन्यात तिला एक जिवाभावाची मैत्रीण मिळाली. जुलैअखेर आम्ही निघालो.

परदेशी जाणाऱ्यांच्या मनःस्थितीवर नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन माणसांचा. त्यांना दिसलं की सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि अठरा महिन्यांहून जास्त राहिलेले तुलनेने बरे रुळले होते, मधल्या काळातल्यांचं सगळ्यात अवघड. ती मोठी माणसं होती, मुलांना ते जसंच्या तसं लागू करू नये. पण बारा महिने हा आकडा माझ्या मनातून जात नाही. रुजायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढ्यातच आम्ही तिला उपटलं. पुढे १९६३ मध्ये गुलाहॉर्न या अमेरिकी अभ्यासक दांपत्याने त्यात मायदेशी परतल्यानंतरची मनाची दुसरी घसरण जोडली. ती घसरण आमच्याकडे थोरलीच्या वाट्याला आली.

जागा मिळाली, वेगळ्या तुकडीत. तिची जुनी मैत्रीण दुसऱ्या मुलीची मैत्रीण झाली होती, आणि यात त्या मुलीची काहीच चूक नव्हती. वर्षभरात वर्गातले विनोद बदलले होते, टोपणनावं बदलली होती. पहिल्या चाचणीत तिने साडेतीन हा आकडा तिथल्यासारखा तीन स्वल्पविराम पाच असा लिहिला आणि भागाकाराला दोन टिंबं दिली. लाल रेघ आली. तिने घरी येऊन मला विचारलं, "बरोबर उत्तर चुकीचं कसं होतं?" मी शिक्षकांना भेटून समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं, गुण काही दिले नाहीत. गुणांचं मला काही वाटलं नाही. तिथे मौनाचा काळ असतो हे सगळे समजून घेत होते, इथे तो असू शकतो हे कोणाच्या ध्यानीही नव्हतं. भाषा तर तिची होती ना! सहामाही संपेपर्यंत ती मधल्या सुट्टीत जिन्यापाशी एकटी उभी राहायची.

सप्टेंबरात फ्रायबुर्गहून एक मोठं पाकीट आलं. तिथे चौथीनंतर प्राथमिक शाळा संपते आणि मुलं वेगवेगळ्या शाळांत विखुरतात, तरी तिच्या मैत्रिणीने घरोघर फिरून एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. वर एकच ओळ होती, 'दू फेल्स्ट उन्स'. तू आम्हाला नाहीस, अशी काहीशी, आम्हाला तुझी उणीव भासते. थोरलीने मला शब्द दाखवला. हजेरीतला 'आलेला नाही' आणि हा, दोन्ही एकच क्रियापद. तो कागद तिने अभ्यासाच्या टेबलासमोर लावला. खाली बावीस सह्या आहेत, आणि अक्षरावरून कोणाची कुठली हे ती नाव न वाचता सांगते.

आता लोक मला विचारतात, जावं का? माझं उत्तर हो आहे, आणि ते हो मी मनापासून म्हणते. पण निघण्यापूर्वी इथल्या दोन-तीन मैत्रिणींच्या घरी जाऊन बसा, पत्रांचं ठरवा, फोनच्या वेळा ठरवा, आणि वर्षभर ते धागे तुटू देऊ नका. ते काम मुलांचं नाही, ते आपलं. आणि त्यांना विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं मत ऐकलं गेलं पाहिजे आणि वयाप्रमाणे त्याला वजन दिलं पाहिजे. आम्ही त्यांना सांगितलं होतं, अगदी प्रेमाने, नकाशा पसरून. विचारलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात नवऱ्याला पुन्हा विचारणा झाली. यावेळी दोन वर्षं, इटलीत. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोन्ही मुलांना समोर बसवलं, सगळं सांगितलं, आणि तुम्हाला काय वाटतं म्हणून विचारलं. नाही म्हटलंत तरी चालेल, हेही सांगितलं. धाकट्याने एवढंच विचारलं, "तिथे च ला किती अक्षरं?"

थोरलीने ताट उचललं, धुऊन ठेवलं आणि म्हणाली, "विचार करून सांगते." त्याला आज सहा दिवस झाले. आम्ही विचारलेलं नाही.